दरबार घेतला, घर राहिले

इंग्लंडातल्या एका जमीनदाराच्या पाच मुलींची लग्ने जमतील की नाही, याच्याशी वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मंगरुळपीरच्या प्रेक्षकाचे काय देणेघेणे? तरीही 'डाउनटन ॲबी', 'द क्राउन' आणि 'ब्रिजर्टन' या ब्रिटनमध्ये घडणाऱ्या पोशाखी मालिका जगभर पाहिल्या जातात, आणि त्यांत मराठी प्रेक्षकही आहेत. या ओढीचे नेहमीचे स्पष्टीकरण सोपे आहे. झुळझुळीत झगे, उंच टोप्या, चार घोड्यांच्या बग्ग्या, मैलभर पसरलेल्या बागा आणि मेणबत्त्यांच्या उजेडात चाललेले नाच यांनी डोळे सुखावतात, म्हणून लोक पाहतात, असे सांगितले जाते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कपडे आणि महाल हेच कारण असते, तर आपल्याकडच्या कोणत्याही भपकेबाज ऐतिहासिक चित्रपटाने तीच ओढ निर्माण केली असती. या लेखाचे म्हणणे असे की पोशाखी नाट्याचे बळ पोशाखाच्या झगमगाटात नसते, पोशाखाने माणसावर घातलेल्या बंधनात असते. ब्रिटिशांनी हे बंधन घरात शोधले. मराठी पडद्याने दरबार घेतला आणि घर बहुतांशी मागे ठेवले. त्या निवडीमुळे काय मिळाले आणि काय हुकले, हे पाहायला पुण्या-साताऱ्यापेक्षा वाशीमसारखा जिल्हा अधिक उपयोगी आहे.

आधी ब्रिटिश बाजूचा पट पाहू. या प्रकाराची लोकप्रियता रंगीत झगमगाटावर उभी नव्हती, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 1967 चा आहे. गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरची 'द फोरसाइट सागा' ही बीबीसीची 26 भागांची मालिका कृष्णधवल होती. दुसऱ्या वर्षी ती रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखवली, तेव्हा काही चर्चना सायंप्रार्थनेच्या वेळा बदलाव्या लागल्या. विषय काय, तर वकील आणि व्यापाऱ्यांच्या एका कुटुंबातली मालमत्ता, विवाह आणि हेवेदावे. 1971 ते 1975 या काळात 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'ने लंडनच्या एका घराचे वरचे मजले आणि तळघरातला नोकरवर्ग एकाच गोष्टीत आणला. 1981 मध्ये 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' आली. 1995 मध्ये अँड्र्यू डेव्हिस यांनी जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सहा भागांत रूपांतर केले, आणि त्याच वर्षी तैवानमध्ये जन्मलेल्या आंग ली यांचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' पडद्यावर आला. मोठ्या पडद्यावर या प्रकाराची ओळख ज्यांच्या नावाने झाली, त्या मर्चंट-आयव्हरी चमूतले निर्माते इस्माईल मर्चंट मुंबईत जन्मलेले, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन आणि पटकथालेखिका रूथ प्रॉवर झाबवाला जर्मनीत जन्मलेल्या. इंग्रजी दिवाणखान्याची सर्वांत गाजलेली चित्रे इंग्लंडबाहेर जन्मलेल्या माणसांनी उभी केली. म्हणजे हा प्रकार रक्तात असावा लागत नाही. त्याची कारागिरी शिकता येते.

ही कारागिरी काही ठरावीक संकेतांवर चालते. पत्र येते आणि ते एकांतात वाचले जाते. पाहुणा बग्गीतून उतरतो आणि कोण स्वागताला पुढे जाते यावरून घरातली उतरंड कळते. जेवणाच्या टेबलावर कोणाच्या शेजारी कोण बसणार हे आधीच ठरलेले असते. नाचात दोन माणसांना चारचौघांत एकमेकांचा हात धरता येतो, पण हातमोजा घालून आणि संगीत चालू असेपर्यंतच. एरवी एकटे भेटण्याची सोय नसते, म्हणून फिरायला जाणे हीसुद्धा घटना ठरते. यातला एकही संकेत निव्वळ शोभेचा नाही. प्रत्येक संकेत पात्राला काहीतरी करण्यापासून रोखतो, आणि रोखल्यामुळेच साधी नजरसुद्धा अर्थाने भरते. या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा मालमत्तेचा कायदा असतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या पाच मुलींना बापाचे घर मिळणार नाही, कारण ते दूरच्या नात्यातल्या पुरुषाकडे जाणार आहे. शंभर वर्षांनंतरच्या काळात घडणारी 'डाउनटन ॲबी' (2010 ते 2015) सुरू होते तीही याच पेचावर. 1912 मध्ये टायटॅनिक बुडते, त्यात इस्टेटीचा वारस जातो आणि तीन मुली असलेल्या घराचा भावी मालक अनोळखी माणूस ठरतो. जिथे चित्रीकरण झाले त्या हायक्लेअर कासलचे मनोरे कितीही देखणे असले, तरी प्रेक्षकाला पुढच्या भागाकडे ओढून नेतो तो वारसाहक्काचा प्रश्न.

पोशाख याच व्यवस्थेचा भाग असतो. कंबर आवळणारे कॉर्सेट नटीचा श्वास आखूड करते, कडक गळपट्टीमुळे नटाला मान वळवण्याऐवजी खांद्यातून वळावे लागते, आणि नोकराच्या गणवेशात हात लपवायला जागा नसते. म्हणून लंडनमध्ये जॉन ब्राइट यांनी 1965 मध्ये सुरू केलेल्या कॉस्प्रॉपसारख्या कपडेपटाच्या संस्थांनी त्या काळची कापणी, अस्तर आणि शिवण यांवर भर दिला. एकच झगा वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या नट्यांच्या अंगावर दिसतो, यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण किंमत नव्या जरीला नसून बरोबर बसणाऱ्या शिवणीला आहे. मराठी रंगभूमीला हे शहाणपण नवे नाही. नऊवारीची चाल, पगडीने ताठ झालेली मान आणि बाराबंदीच्या गाठी सोडताना लागणारा वेळ हे सगळे अभिनयाचे साहित्य असते, हे आपल्या जुन्या नटांना ठाऊक होते. गंधर्व नाटक मंडळीच्या खऱ्या शालू-पैठण्या आख्यायिका होऊन बसल्या त्या महागामोलाच्या होत्या म्हणून. पण बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका स्मरणात राहिल्या, त्या वस्त्राने शरीराला लावलेल्या शिस्तीमुळे.

या प्रकारावरचा सर्वांत गंभीर आक्षेप ब्रिटनमध्येच घेतला गेला. अभ्यासक अँड्र्यू हिग्सन यांनी 1993 च्या सुमारास असे मांडले की या 'वारसा चित्रपटां'त कॅमेरा महालांवर आणि हिरवळींवर इतका रेंगाळतो की मूळ कादंबऱ्यांतला उपरोध आणि टीका झाकोळून जाते, आणि वर्गव्यवस्थेच्या कथेचे रूपांतर तिच्याबद्दलच्या हुरहुरीत होते. भारतीय प्रेक्षकाला त्यात आणखी एक कलम जोडावेसे वाटेल. त्या हिरवळीचा खर्च कोणी भागवला? ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये एक तरुण अस्सल हिंदुस्थानी मलमल ओळखण्याची आपली हुशारी मिरवतो, पण ती विणणारे हात गोष्टीत येत नाहीत. आक्षेप खरा आहे, मात्र तो पद्धतीविरुद्ध जात नाही, तिच्या आळशी वापराविरुद्ध जातो. पॅट्रिशिया रोझेमा यांनी 1999 च्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये घराच्या श्रीमंतीमागची गुलामगिरी समोर आणली. बीबीसीच्या 2004 च्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये कापडगिरणीत हवेत तरंगणारा कापूस हेच मध्यवर्ती दृश्य आहे, आणि तोच कामगारांच्या फुप्फुसांत बसतो. म्हणजे बंधन, पैसा आणि श्रम यांचा हिशेब मांडायला हा प्रकार पुरेसा समर्थ आहे. तो मांडायचा की झाकायचा, हे कर्त्यावर अवलंबून असते.

आता आपल्याकडे वळू. मराठी पोशाखी पडद्याची परंपरा ब्रिटिश दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 1923 मध्ये 'सिंहगड' काढला. पडदे रंगवणाऱ्या या कलावंताला वेशभूषा आणि नेपथ्य यांची जाण होती, आणि रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. पुढे भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर' (1939) ते 'छत्रपती शिवाजी' (1952) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (1964) अशी एक सलग शैली घडवली. 1944 मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला. अलीकडे 2008 ची 'राजा शिवछत्रपती' मालिका, दिग्पाल लांजेकरांचे 'फर्जंद' (2018), 'फत्तेशिकस्त' (2019) आणि 'पावनखिंड' (2022), हिंदीतले 'बाजीराव मस्तानी' (2015), 'तान्हाजी' (2020) आणि 'छावा' (2025) अशी ही रेषा पुढे जाते. हिचेही संकेत पक्के आहेत. दरबार भरतो, मुजरा होतो, खलिता येतो, तुतारी वाजते, मशाली पेटतात, आऊसाहेब आशीर्वाद देतात, आणि शेवटी लढाईत किंवा हौतात्म्यात कथा संपते. या निवडीमागे सबळ कारणे होती. पोवाड्याने आणि बखरींनी प्रसंग रचून ठेवले होते, पारतंत्र्यात शिवकाल दाखवणे म्हणजे वर्तमानावर बोलणे होते, आणि 1960 नंतर राज्याच्या अस्मितेला प्रतिमा हव्या होत्या. 'सिंहगड'च्या काळी दरबार ही दूरदर्शी निवड होती. शंभर वर्षांनी तीच निवड सवय होऊन बसली आहे.

दरबाराचा तोटा नाट्यशास्त्रीय आहे. लढाईचा निकाल आधीच माहीत असतो, नायकाच्या हेतूविषयी शंका घेता येत नाही, आणि स्त्रीपात्राला निरोप देणे, वाट पाहणे आणि ओवाळणे याखेरीज काम उरत नाही. जिथे मराठी पडदा घरात शिरला, तिथे फरक लगेच दिसतो. रणजित देसाई यांच्या 1962 च्या कादंबरीवर गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी केलेली 'स्वामी' ही मालिका आठवते ती रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांनी रंगवलेल्या माधवराव-रमाबाईंच्या संसारासाठी. 2012 मध्ये झी मराठीवर आलेल्या 'उंच माझा झोका'त एक लहान मुलगी सासरी येते आणि अक्षरे शिकते. पाटी-पेन्सिल हाती घेण्याच्या कृतीवर घरातल्या बायकांची जी प्रतिक्रिया उमटते, तिच्यात तलवारबाजीपेक्षा अधिक ताण होता. 'आनंदी गोपाळ' (2019) नेही हेच केले. ही उदाहरणे सांगतात की मराठी प्रेक्षक घरातले बंधन पाहायला उत्सुक असतो. मात्र इथेही एक मर्यादा राहिली. 'उंच माझा झोका'तल्या रमाबाई रानडे काय आणि 'आनंदी गोपाळ'मधल्या आनंदीबाई काय, पुढे थोर झालेल्या व्यक्तींच्याच या कहाण्या आहेत. ज्यांचे पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही, अशी साधी कल्पित माणसे आपल्या पोशाखी पडद्यावर फारशी आलीच नाहीत, आणि ब्रिटिश परंपरा तर मुख्यतः अशाच माणसांवर जगते.

वाशीम जिल्हा इथे महत्त्वाचा ठरतो, कारण त्याच्याकडे सिंहासन फार प्राचीन आहे आणि घरांचा इतिहास फार भरगच्च. आजचे वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा इथून दिलेला ताम्रपट 1939 मध्ये उजेडात आला. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान केले. त्या काळातल्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे, अंगाला चिकटलेल्या चोळ्या, दासींची आखूड वसने, परदेशी पाहुण्यांच्या टोप्या असा साग्र कपडेपट भिंतीवर उतरलेला आहे. वेशभूषाकाराला हा फार जुना आणि भरवशाचा आधार आहे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लागतो. राजधानीचे गाव दरबारापेक्षा विवाहाशी जोडावे असे एका संस्कृत आचार्याला वाटले, याची नोंद मराठी पटकथाकारांनी घ्यायला हरकत नाही.

पुढच्या शतकांत या भागाची ओळख कापडाशी आणि व्यापाराशी बांधलेली दिसते. कारंजा हे लाड व्यापाऱ्यांचे आणि जैन भट्टारकपीठांचे श्रीमंत गाव. गंधासाठी भिंतींच्या चुन्यात कस्तुरी कालवलेल्या हवेलीची दंतकथा तिथे सांगतात. सूरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजा कारंज्यावर आल्या. सोने, चांदी आणि उंची वस्त्रे चार हजार बैल-गाढवांवर लादून नेल्याचे वर्णन यदुनाथ सरकारांनी दिले आहे, आणि गावातला सर्वांत बडा सावकार स्त्रीवेषात निसटल्याचेही. महाराजांच्या सैन्यात स्त्रीला हात लावायचा नाही ही शिस्त इतकी पक्की मानली जात होती की त्या सावकाराने आपला जीव एका लुगड्याच्या भरवशावर टाकला. वेष, नियम आणि पैसा यांचा असा पेच कुठल्याही इंग्रज कादंबरीकाराने आनंदाने उचलला असता. मराठी पडद्यावर हा प्रसंग आला तर घोडदळाच्या बाजूने येईल. हवेलीच्या आतून पाहिला, तर त्यातून महाराजांची शिस्त अधिक ठसते आणि गोष्टही मिळते. 1769 मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी नागपूरच्या जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह केला. त्यात पेशव्यांना दरसाल द्यायच्या गोष्टींत वाशीम आणि बाळापूरच्या कापडाचा समावेश होता, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. 'स्वामी'तले माधवराव हेच. पडद्यावरच्या शनिवारवाड्यात पैठणी नेहमी दिसते, पण वाशीमच्या मागावरून निघून तहाचे कलम होऊन पुण्याच्या जामदारखान्यात पोहोचणारे ठाण दिसत नाही. ते दिसले, तर कोष्ट्याचे घर, वसुलीचा कारकून, भोसल्यांचा अपमान आणि पेशव्यांचा पोशाख हे चारही धागे एका कथेत येतात.

एकोणिसावे शतक तर या प्रकारासाठीच घडल्यासारखे आहे. 1853 च्या मे महिन्यात निजामाने वाशीमसह वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले पुत्राविना वारले, राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातल्या जवाहिराचा लिलाव झाला. वारस नसल्याने घर हातचे जाणे ही 'डाउनटन'ची सुरुवात इथे खऱ्या राज्याच्या बाबतीत घडली, आणि त्याविरुद्ध बाकाबाईंसारख्या राण्या झगडत राहिल्या. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडी कापसाला अवचित सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला. ज्या घरांत तेजीच्या वर्षी दागिने घडले आणि मंदीच्या वर्षी गहाण पडले, त्या घरांतल्या लग्नांची गोष्ट अजून सांगायची आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' कारंज्यावरून धावू लागली. तिचे वाफेचे इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरमध्ये बनलेले होते आणि ते 1994 पर्यंत चालले. ब्रिटिश पोशाखी नाट्याचा लाडका रेल्वे फलाट आपल्याला आयात करण्याची गरज नाही. तो कापसाच्या गाठींसह इथेच होता, आणि त्याचे दुसरे टोक त्याच मँचेस्टरला होते. 'नॉर्थ अँड साउथ'च्या गिरणीत उडणाऱ्या कापसाची उलटी बाजू वऱ्हाडातल्या गढीच्या माजघरात आणि जिनिंगच्या फाटकावर मांडता येते.

इथे तीन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. ब्रिटिशांकडे राखलेल्या हवेल्या आहेत, सार्वजनिक प्रसारण संस्था आहे, जगभरचे ग्राहक आहेत, आपल्याकडे काय आहे? हा आक्षेप उलट दरबारालाच लागू पडतो. फौजा, हत्ती आणि किल्ल्यांचे संगणकी देखावे यांना पैसा लागतो. चार खोल्या, एक ओसरी, एक विहीर आणि दहा माणसे यांना तेवढा लागत नाही. मर्चंट-आयव्हरींचे चित्रपट हॉलिवूडच्या मानाने तुटपुंज्या खर्चात झाले, ते याच कारणाने. दुसरा आक्षेप प्रेक्षकाचा. 2020 मध्ये आलेली 'सावित्रीजोती' ही मालिका पुरेशा प्रेक्षकसंख्येअभावी त्याच वर्षी बंद झाली, मग घर कोण पाहणार? तो दाखला दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण शेकडो भागांच्या दैनंदिन मालिकेचा साचा या प्रकाराला मुळातच मानवत नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सहा भागांची होती, 'डाउनटन'चे एक पर्व साधारण सात-आठ भागांचे. रोज बावीस मिनिटे भरायची म्हटली की पत्राचा एक प्रसंग आठवडाभर ताणला जातो आणि बंधनातला ताण सैल पडतो. आता वेबमालिकांमुळे छोट्या पर्वांची सोय झाली आहे, तेव्हा हे कारण पुढे करणे अवघड जाईल. याच मुद्द्याला जोडून भावना दुखावण्याची भीतीही सांगितली जाते. 'बाजीराव मस्तानी'तल्या पिंगा नृत्यावरून झालेला वाद आणि 'छावा'तून काढावे लागलेले लेझीमचे दृश्य ताजे आहे. मात्र हे वाद थोर व्यक्तींच्या चित्रणाभोवती पेटतात. कल्पित देशमुख आणि कल्पित कोष्टी घेतले, तर लेखकाला चूक दाखवण्याची आणि पात्राला चूक करण्याची मोकळीक मिळते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मराठी घर म्हणजे नुसता ओसरी-माजघराचा सुंदर देखावा नव्हता. तिथे जात होती, सोवळे होते, विधवेचे केशवपन होते, वेठ होती. असे घर सुबक प्रकाशात दाखवणे म्हणजे अन्यायाला नक्षी काढणे, असे कोणी म्हणेल, आणि हिग्सनचा मुद्दा आपल्याकडे अधिक धारदार होतो. याला उत्तर घर टाळण्यात नाही, घर पूर्ण दाखवण्यात आहे. नोकरांची दुनिया आणि मालकांची दुनिया एकाच छताखाली समोरासमोर ठेवण्याचा जो संकेत 1971 पासून ब्रिटिशांनी रुजवला, तो आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. गढीच्या आत कोण येऊ शकतो, कोणाला पायरीपाशी थांबावे लागते, पाणी वरून कोण ओतते आणि ओंजळ कोण पुढे करते, यांत जेवढे नाट्य आहे तेवढे टेबलावरच्या काट्या-चमच्यांत नाही. या जिल्ह्याने ती नजरही पुरवली आहे. शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या दलित स्त्रीच्या झुंजीवरच्या 'राघववेळ' या कादंबरीला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या तांड्यांवरून धान्य-मीठ वाहणाऱ्या या समाजाचा व्यवसाय रेल्वेने बुडवला आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या जमातींवर शिक्का मारायला सुरुवात केली. आरशांनी आणि कवड्यांनी मढवलेला फेटिया आणि कांचळी हा वेष आपल्या चित्रपटांत एखाद्या गाण्यापुरता येतो. पोहरादेवीत ऑक्टोबर 2024 मध्ये नंगारा वस्तुसंग्रहालय उघडले आहे. त्या वेषाची घडण आणि तो अंगावर बाळगण्याची किंमत समजून घेतली, तर तो गाण्यातून बाहेर येऊन पात्राचा होईल.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच बांधलेला आहे. ब्रिटिश मालिकांत उच्चार हा पोशाखाइतकाच वर्ग दाखवतो. तळघरातला यॉर्कशायरी ढंग आणि वरच्या मजल्यावरची संथ इंग्रजी यांच्यातले अंतर कुणी समजावून सांगत नाही, ते ऐकू येते. मराठी ऐतिहासिक पडद्यावर मात्र मावळ्यापासून महाराणीपर्यंत सगळे एकच अलंकारिक, बखरीच्या वळणाची मराठी बोलतात, आणि वऱ्हाडी बोली आली तर बहुधा हशासाठी येते. वाशीमच्या घरात देशमुखाची वऱ्हाडी, तांड्यातली गोरमाटी, जैन पेढीवरची हिशेबी बोली, निजामी अंमलातली कागदोपत्री फारसी आणि 1853 नंतर आलेल्या साहेबाची इंग्रजी असे थर एकाच अंगणात भेटू शकतात. बोलीने माणसाची पायरी ठरते आणि बोली बदलून तो ती ओलांडू पाहतो, हे नाट्य आपल्याकडे तयार असताना पल्लेदार संवादांचा सोपा मार्ग धरणे म्हणजे साहित्य वाया घालवणे आहे.

तेव्हा ब्रिटिश पोशाखी नाट्याकडून घ्यायचे काय, याचे उत्तर झगे आणि बग्ग्या यांत शोधू नये. कथेचा पेच कायद्यात आणि पैशात बांधणे, पोशाख पात्राला रोखेल असा शिवणे, माणसे कल्पित पण काळ काटेकोर ठेवणे, आणि पर्व छोटे ठेवणे या चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. त्यांच्या हिरवळीमागचा वसाहतीचा हिशेब लपवण्याची सवय मात्र सोडून द्यावी, कारण त्या हिशेबाची दुसरी बाजू आपल्या पदरी आहे. बासिम नावाने जिल्हा असलेले वाशीम 1905 मध्ये अकोल्यात विलीन झाले आणि 1998 मध्ये पुन्हा जिल्हा झाले. प्रशासनाच्या नकाशावरून गावे पुसली जातात आणि परत येतात, पडद्याच्या नकाशावर मात्र रायगड, पन्हाळा आणि शनिवारवाडा यांच्या पलीकडचा महाराष्ट्र अजून ठळक झालेला नाही. दरबाराचे चित्रपट बंद व्हावेत, असे या मांडणीचे म्हणणे नाही. त्यांचे काम ते करतात आणि पुढेही करतील. पण ज्या परंपरेने शतकभर बहुतांशी जिंकणारी आणि मरणारी माणसे दाखवली, तिला आपला भूतकाळ पूर्ण दाखवल्याचा दावा करता येत नाही. बहुसंख्य माणसांनी तो काळ लढून नाही, तर खंड भरून, दत्तक घेऊन, लुगडे फाटेपर्यंत नेसून आणि कापसाच्या भावाकडे डोळे लावून काढला. त्यांच्या बंधनांची गोष्ट सांगणारी पहिली चांगली मालिका वऱ्हाडातून आली, तर मराठी पोशाखी पडद्याला शंभर वर्षांत प्रथमच नवा विषय मिळेल.